मागास कोण, हे ठरवायचं कुणी?

5 मे 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं महाराष्ट्राचा मराठा आरक्षणाचा कायदा रद्द केला. त्या दिवशी सगळी चर्चा टक्क्यांची झाली. 2018 च्या कायद्यातले 16 टक्के मुंबई उच्च न्यायालयानं 2019 साली शिक्षणात 12 आणि नोकऱ्यांत 13 वर आणले होते. आता तेही गेले. पण त्याच निकालपत्रात आणखी एक निर्णय होता, तीन विरुद्ध दोन अशा निसटत्या बहुमताचा. एखादा समाज सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास आहे का, हे ठरवण्याचा राज्यांचा अधिकार 102व्या घटनादुरुस्तीनं संपुष्टात आला आहे, असं न्यायमूर्ती नागेश्वर राव, हेमंत गुप्ता आणि रवींद्र भट यांनी ठरवलं. न्यायमूर्ती अशोक भूषण आणि अब्दुल नझीर यांना ते मान्य नव्हतं. सुमारे तीन महिन्यांनी संसदेनं 105वी घटनादुरुस्ती करून अधिकार राज्यांना परत दिला. दोन्ही सभागृहांत विरोधी मत पडलं नाही.

इतक्या एकमतानं जो वाद मिटतो, तो बहुधा पुरता मांडलेला नसतो. म्हणून इथं दोन माणसं समोरासमोर बसवली आहेत. एक कायद्याच्या निवृत्त प्राध्यापिका. त्यांचे विद्यार्थी त्यांना ‘बाई’ म्हणतात. दुसरा त्यांचाच विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातवैधतेची प्रकरणं चालवणारा वकील. दोघं कल्पित आहेत. त्यांच्या तोंडी आलेले निकाल, तारखा आणि आकडे मात्र खरे आहेत.

वकील: बाई, आरक्षणाच्या पन्नास टक्क्यांच्या मर्यादेवर कोर्टानं काय ते ठरवावं, तो त्यांचा प्रांत आहे. माझं दुखणं दुसरं आहे. केंद्र सरकारचे ॲटर्नी जनरल वेणुगोपाल स्वतः उभं राहून सांगत होते, की राज्यांचे अधिकार काढून घेण्याचा संसदेचा हेतू नव्हता. राज्यसभेच्या प्रवर समितीचा अहवालही तेच सांगत होता. ज्यांनी दुरुस्ती केली ते एक सांगतात, ज्यांचा अधिकार जाणार ती राज्यंही तेच सांगतात, आणि तरी निकाल उलटा लागतो.

बाई: कारण घटनेत शब्द तसे होते. अरे, 102व्या दुरुस्तीतलं मूळ 342अ पुन्हा वाच. अनुसूचित जातींसाठी 341, जमातींसाठी 342, आणि मागास वर्गांसाठी अगदी त्याच धाटणीचं 342अ. राष्ट्रपतींनी यादी अधिसूचित करायची आणि पुढचे बदल फक्त संसदेनं करायचे. भरीला व्याख्येच्या कलमात लिहिलं, की मागास वर्ग म्हणजे 342अ खाली मागास मानले गेलेले वर्ग. मग राज्याच्या यादीला जागा कुठं उरली? मंत्र्यानं सभागृहात दिलेलं आश्वासन आणि राजपत्रात छापलेलं कलम यांचा मेळ बसत नसेल, तर न्यायाधीशानं छापलेलं कलम धरायचं. मंत्री उद्या बदलतात.

वकील: अक्षराला धरून निकाल दिला, मान्य. पण घटनेतलं कलम सत्तर वर्षांचा व्यवहार मागं घेऊन उभं असतं. बाबासाहेबांचं 30 नोव्हेंबर 1948 चं संविधान सभेतलं भाषण तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मागास समाज म्हणजे कोण, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी सांगितलं, की सरकारच्या मते जो मागास तो; आणि हे ठरवणं आम्ही त्या त्या प्रांतिक सरकारवर सोडलं आहे. यापेक्षा स्पष्ट काय हवं?

बाई: तेच भाषण पुढंही जातं. राखीव जागा एकूण जागांच्या अल्प हिश्श्यापुरत्या असल्या पाहिजेत, नाहीतर सर्वांना समान संधी हे तत्त्वच खाऊन टाकलं जाईल, हेही ते म्हणाले. आणि एखाद्या सरकारनं भलतीच मोठी संख्या त्यात घातली, तर कुणीही न्यायालयात जाऊन दाद मागू शकेल, हेही त्यांनीच सांगितलं. मसुदा म्हणजे वकिलांचं नंदनवन अशी टीका झाली होती, तिला उत्तर देतानाच. त्यांनी सरकारवर विश्वास टाकला तो न्यायालयाचा दरवाजा उघडा ठेवून.

महाराष्ट्राचा 2018 चा कायदा अमलात आला तोही 30 नोव्हेंबरलाच, त्या भाषणाला बरोबर सत्तर वर्षं झाली तेव्हा. योगायोगच. पण ते भाषण पूर्ण वाचल्याशिवाय या कायद्यावर कुणी बोलू नये, असं मला वाटतं, कारण आजच्या दोन्ही बाजू त्यातलं अर्धं अर्धं उचलतात.

वकील: ठीक. भाषण बाजूला ठेवू. माझ्या रोजच्या कामातलं बोलतो. किनवटकडचा बंजारा समाज घ्या. महाराष्ट्रात तो विमुक्त जाती ‘अ’ मध्ये. केंद्राच्या यादीत ओबीसी. पलीकडं तेलंगणात त्याचे सोयरे अनुसूचित जमातीत आहेत, आणि बिदरकडं गेलात तर कर्नाटकात तोच समाज अनुसूचित जातीत. बोली एक, सोयरीक एक, सेवालाल महाराजांचं नाव सगळीकडं एकच. 1967 च्या आधीचा पुरावा आणा, 1961 च्या आधीचा आणा, कोतवाल बुक शोधा, आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला काढा, या खटपटीत लोकांची वर्षं जातात.

बाई: मग हे तुझ्या बाजूचं उदाहरण की माझ्या? राज्यागणिक तीन दर्जे झाले, म्हणूनच मी म्हणते, देशाला एक निकष हवा.

वकील: पण बाई, जाती-जमातींच्या याद्या राज्यांनी केलेल्या नाहीत! 341 आणि 342 खालच्या याद्या दिल्लीच्याच आहेत. तेलंगणात जमात आणि कर्नाटकात जात, हे राष्ट्रपतींच्या आदेशानं आणि संसदेच्या कायद्यानं झालं. दिल्लीच्या हातात लेखणी दिली म्हणून एकसारखेपणा आला नाही. आला तो फक्त ताठरपणा. हलबा-कोष्टींच्या मिलिंद प्रकरणात 2000 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की यादीतल्या नोंदीत राज्याला, आयोगाला किंवा कोर्टाला एका शब्दाचाही फेरफार करता येणार नाही. आणि जिथं राज्याच्या हातात काम होतं तिथं महाराष्ट्रानं काय केलं बघा. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, त्या वडार, कैकाडी, बंजारा, रामोशी यांना आणि गोसावी, नंदीवाले यांसारख्या भटक्यांना वेगळा 11 टक्के वाटा दिला. त्यातही अ, ब, क, ड असे चार भाग केले, म्हणजे मोठ्यानं लहानाचा घास घेऊ नये. केंद्रात यांतले बहुतेक सगळे 27 टक्क्यांच्या एकाच ओबीसी गटात. तिथं नंदीवाल्याच्या मुलानं सधन ओबीसीच्या मुलाशी स्पर्धा करायची.

बाई: हे महाराष्ट्राचं चांगलं काम आहे. ते मी नाकारत नाही.

वकील: आणि बौद्धांचं? 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांच्यामागं लाखो लोकांनी घेतली. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अट होती, की अनुसूचित जातीत फक्त हिंदूच. 1956 साली शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा नाही. म्हणजे ज्या माणसानं घटनेचा मसुदा सिद्ध केला, त्याच्या पाठोपाठ धर्म बदलला म्हणून गरीब माणसाची सवलत गेली. जात गेली नव्हती. गावातली वस्ती तिथंच होती, विहीर तीच होती. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती पुन्हा सुरू केल्या. दिल्लीला ते करायला 1990 उजाडावं लागलं. तीस वर्षं, बाई! एका धार्मिक अल्पसंख्य समाजाच्या दोन पिढ्या शिकल्या, त्या या राज्याच्या निर्णयावर शिकल्या. मागास ठरवण्याचा अधिकार तेव्हा राज्याकडं नसता, तर आज आपण ज्या लेखकांची, प्राध्यापकांची, अधिकाऱ्यांची नावं अभिमानानं घेतो त्यांतली किती घेता आली असती?

बाई: याला माझ्याकडं उत्तर नाही. राखीव मतदारसंघ राज्याच्या हातात नव्हते, ते तीस वर्षं बंदच राहिले, हे तेवढं लक्षात ठेव. पण शाळा-कॉलेजांचं तू म्हणतोस ते खरं. दिल्लीची यादी धर्माच्या अटीत अडकली आणि ती अट दलित ख्रिश्चनांना आणि दलित मुसलमानांना आजही बाहेर ठेवते. राज्यानं ती अट ओलांडली.

मला स्वतःला या सगळ्या वादातलं हे सर्वांत वजनदार उदाहरण वाटतं. संघराज्य म्हणजे जीएसटीच्या थकबाकीचं भांडण, अशी आपली समजूत झाली आहे. केंद्र चुकत असताना राज्याला त्याच्या हद्दीत बरोबर वागण्याची मोकळीक असावी, हा संघराज्याचा मोठा उपयोग आहे आणि नवबौद्धांच्या बाबतीत तो लाखो घरांनी प्रत्यक्ष अनुभवला. बाईंनी ते मान्य केलं, पण त्या थांबल्या नाहीत, आणि त्यांचा पुढचा मुद्दाही तितकाच खरा आहे.

बाई: आता माझं ऐक. ज्या राज्यानं 1960 मध्ये हे केलं, त्याच राज्याचं 2014 बघ. 9 जुलैला दोन अध्यादेश निघाले. मराठा समाजाला 16 टक्के, आणि मुसलमानांतल्या पन्नास मागास गटांना 5 टक्के. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयानं मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, मुस्लिमांचं नोकऱ्यांतलंही थांबवलं. पण मुस्लिमांच्या शिक्षणातल्या आरक्षणाला हात लावला नाही. म्हणजे कोर्टात तग धरून राहिलं ते फक्त तेवढंच. मध्यंतरी सरकार बदललं होतं. डिसेंबरच्या अधिवेशनात मराठा आरक्षणाचा कायदा झाला आणि कोर्टानं चालू ठेवलेला दुसरा अध्यादेश तसाच संपू दिला. नंतरही सरकारं आली-गेली, कायदा झाला नाही. एका समाजामागं मतांची संख्या होती, दुसऱ्यामागं नव्हती.

वकील: तो राजकारणाचा दोष झाला, अधिकाराच्या वाटपाचा नाही.

बाई: अधिकार ज्याच्या हातात देतोस त्याच्या राजकारणासकट देतोस. कर्नाटकात मार्च 2023 मध्ये, निवडणूक तोंडावर असताना, सरकारनं मुस्लिमांचा ‘2ब’ गटातला 4 टक्के वाटा काढून घेतला आणि दोन-दोन टक्के वोक्कलिग आणि लिंगायत यांना वाटले. राज्यातले दोन सर्वांत बलवान समाज! सर्वोच्च न्यायालयानं पहिल्याच सुनावणीत या निर्णयाच्या पायावर शंका घेतली, तेव्हा सरकारला अंमलबजावणी थांबवण्याची हमी द्यावी लागली. तिथं कोर्ट नसतं तर? तू म्हणतोस, राज्य लोकांच्या जवळ असतं. खरं आहे. पण जवळ असतं ते सगळ्यांच्या सारखं नसतं. तालुक्यात ज्याचा साखर कारखाना, ज्याची बँक, ज्याची शिक्षणसंस्था, त्याच्या ते जास्त जवळ असतं.

वकील: बाई, इथं मला थांबवावं लागेल तुम्हाला. कारखाना चेअरमनचा असतो. बीड-परभणीत दीड-दोन एकर कोरडवाहू जमीन असलेला मराठा शेतकरी त्या चेअरमनचा आडनावबंधू असेल, पण त्याच्या घरात काय शिजतं ते मी बघतो. मुलगी बारावीला चांगले गुण मिळवते आणि फी नाही म्हणून घरी बसते. राज्याच्या न्यायमूर्ती गायकवाड मागासवर्ग आयोगानं हे मांडलं होतं. कोर्टानं म्हटलं, हा राजकीयदृष्ट्या प्रबळ समाज आहे. आमदार मोजून समाजाची गरिबी कशी मोजता येईल?

बाई: नाही येत. त्या मुलीची फी सरकारनं भरलीच पाहिजे, आणि ती भरायला कुठलीही घटनादुरुस्ती लागत नाही, हेही सांगते. मागासलेपण म्हणजे नुसती गरिबी नव्हे. अवहेलना, वगळलं जाणं, पिढ्यान्पिढ्या शाळेच्या बाहेर राहणं हे त्यात आलं. आता, 2019 ला आर्थिक निकषावर 10 टक्के देणारी 103वी दुरुस्ती झाली आणि 2022 मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी ती टिकली, तेव्हापासून हा भेद पुसट झाला, हे मला कळतं. मी त्या प्रकरणात सरन्यायाधीश लळित आणि न्यायमूर्ती भट यांच्या अल्पमताच्या बाजूची आहे. गरिबीसाठी सवलत द्यायची आणि त्यातून जाती-जमाती आणि ओबीसींचेच गरीब वगळायचे, हे समतेत बसत नाही.

वकील: मग मान्य करा, की पन्नासची भिंत केंद्रानं स्वतःसाठी ओलांडली. तामिळनाडूला 69 टक्के नवव्या परिशिष्टात टाकून 1994 ला संरक्षण मिळालं. इंद्रा साहनी प्रकरणात 1992 ला दूरच्या, दुर्गम भागांसाठी अपवाद ठेवला होता. 52 टक्क्यांवर असलेल्या महाराष्ट्रानं काही मागितलं की भिंत पुन्हा पक्की होते. बिहारनं 2023 ला जातनिहाय पाहणी करून 65 टक्क्यांचा कायदा केला, पाटणा उच्च न्यायालयानं तो पुढच्या वर्षी रद्द केला. हा एकच न्याय आहे का?

बाई: नाही. आणि ही मर्यादाच मला दुबळी वाटते. पन्नास हा आकडा घटनेत नाही. 1962 च्या बालाजी निकालापासून कोर्टानं तो घडवला. आर्थिक दुर्बलांसाठी तो वाकवल्यावर बाकीच्यांपुढं तो ताठ धरायला नैतिक बळ कमी पडतं. पण मर्यादा उठवली तर पहिल्यांदा कोण आत येईल, याचा विचार कर. रस्ता अडवू शकणारे येतील. ज्यांचं पोर पालातून शाळेत जातं ते येणार नाहीत.

इथं वकील काही वेळ बोलला नाही. त्याच्या पक्षकारांतच दोन्ही प्रकारची माणसं आहेत.

वकील: त्या पालातल्या पोराला दिल्लीनं तरी काय दिलं? ओबीसींत उपवर्ग करण्यासाठी 2017 मध्ये न्यायमूर्ती रोहिणी आयोग नेमला. केंद्रातल्या नोकऱ्या आणि प्रवेश यांची छाननी केली तर सुमारे 97 टक्के लाभ एकचतुर्थांश पोटजातींकडं गेलेला दिसला. 983 समाजांच्या वाट्याला एकही जागा नव्हती. एकही! मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत 2023 मध्ये अहवाल राष्ट्रपतींकडं गेला आणि कपाटात राहिला.

बाई: आणि याच्याशी जोडलेली एक गोष्ट फारसं कुणी बोलत नाही. 1993 च्या मागासवर्ग आयोगाच्या कायद्यात कलम 11 होतं. दर दहा वर्षांनी केंद्रानं यादी तपासायची. जे पुढं गेले त्यांना वगळायचं, जे राहिले त्यांना घ्यायचं. 2018 ला 102व्या दुरुस्तीनं आयोगाला घटनात्मक दर्जा दिला आणि तो जुना कायदा रद्द केला. त्याबरोबर ते कर्तव्यही गेलं. त्या दुरुस्तीत अधिकार कुणाचे, यावर सगळे भांडले. यादी तपासायची सक्ती गेली, त्यावर कुणी भांडलं नाही.

वकील: महाराष्ट्रात तरी कुठं वेगळं? गायकवाड आयोगाचा अहवाल 15 नोव्हेंबर 2018 ला आला. विधिमंडळात अहवाल मांडला नाही, नुसता कृती अहवाल मांडला, आणि विधेयक एकमतानं मंजूर झालं. ज्या पुराव्यावर कायदा उभा होता, तो पुरावा मत देणाऱ्या आमदारांनी वाचला नव्हता. पुढं कोर्टात त्याच पुराव्याची चिरफाड झाली, तेव्हा राज्याकडं बोलायला उरलं नाही. हे मी राज्याच्या बाजूचा माणूस म्हणून सांगतो.

बाई: मग आपण भांडतोय कशावर?

वकील: लेखणी कुणाच्या हातात, यावर. माझं म्हणणं अजून तेच आहे. ती मुंबईत असू द्या.

बाई: असू दे. पण तिच्यामागं उघडलेली वही पाहिजे आणि ती तपासणारं कोर्ट पाहिजे. ही अट मी सोडणार नाही.

दोघांना तिथंच ठेवून माझं मत सांगतो. 105वी घटनादुरुस्ती योग्य होती. नवबौद्धांना आणि भटक्या-विमुक्तांना या राज्यानं जे दिलं, ते दिल्लीच्या एकाच यादीतून मिळालं नसतं. पण त्या दुरुस्तीनं राज्यांना यादी करण्याचा अधिकार दिला, ती पुराव्यानिशी आणि ठरलेल्या मुदतीत तपासण्याचं बंधन दिलं नाही. अशा मोकळ्या अधिकाराचा फायदा संख्येनं मोठ्या समाजांना होतो. लहान समाजांपुढं, मग ते मुसलमानांतले पिंजारी, छप्परबंद असोत की हिंदूंमधले नंदीवाले, मागायला मोर्चा नसतो. 20 फेब्रुवारी 2024 ला विधिमंडळानं एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात मराठा समाजासाठी 10 टक्क्यांचा नवा कायदा केला. तो न्यायालयात टिको वा न टिको, महिनाभरात पाहणी आणि एका दिवसात मंजुरी ही रीत लहान समाजांसाठी धोक्याची आहे. आज ती देणारी आहे, उद्या काढून घेणारीही होऊ शकते, आणि कर्नाटकानं ते दाखवलं आहे.

पुराव्याला आकडे लागतात, आणि 1931 नंतर देशभरातल्या सगळ्या जातींची गणना करून आकडे जाहीर झालेले नाहीत. 30 एप्रिल 2025 रोजी केंद्र सरकारनं येत्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. ते आकडे पोटजातीसह, तालुक्यासह लोकांपुढं आले पाहिजेत. ज्यांना हा विषय आपला वाटतो, त्यांनी एक करावं. आपल्या आमदाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, लेखी कळवावं: मागासवर्ग आयोगाचा संपूर्ण अहवाल सभागृहात मांडून त्यावर चर्चा झाल्याशिवाय आरक्षणाच्या कोणत्याही विधेयकाला, आमच्या समाजाच्या फायद्याच्या विधेयकालासुद्धा, मत देऊ नका.